निर्वासित विद्यार्थी, श्रद्धा आणि चिवटपणा: ही चर्चा आली कुठून

निर्वासित पोरांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली श्रद्धा आणि रेझिलियन्स, म्हणजे तग धरायची ताकद, हे दोन शब्द येतातच. अभ्यासकांनी ते जोडायला बरीच वर्षं घेतली, पण घर सुटलेली पोरं हे आधीपासूनच करत होती.

सगळ्यात बोलकं उदाहरण मीरच्या येशिवाचं. मीर हे आताच्या बेलारूसमधलं, तेव्हा पोलंडमध्ये असलेलं गाव, आणि येशिवा म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाची शाळा. १९३९ ला युद्ध सुरू झालं तशी ही शाळा जवळपास अख्खीच्या अख्खी लिथुआनियात पळाली, तिथे १९४० मध्ये चिउने सुगिहारा या जपानी अधिकाऱ्याने वरून परवानगी नसताना हजारो लोकांना ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे जपानमार्गे पुढे जायची परवानगी, लिहून दिले, त्यावर ही मुलं ट्रेनने सायबेरिया ओलांडून जपानात कोबेला आणि तिथून १९४१ मध्ये शांघायला पोचली, आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकली. मागे राहिलेल्या आईबापांचं काय झालं हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. तरी रोजचा पाठ थांबला नाही, दोघादोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाद घालत शिकायची जुनी रीत तशीच चालू राहिली, आणि ग्रंथ कमी पडले तर त्यांनी ते शांघायमध्येच परत छापून घेतले! मला वाटतं श्रद्धेचं खरं काम इथे दिसतं. नुसता मनाला दिलासा नाही, तर सकाळी उठून कुठे बसायचं, कोणाबरोबर बसायचं आणि काल कुठपर्यंत आलो होतो, एवढं तरी ठरलेलं असणं.

त्याच काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघी युद्धातल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या, त्यांना दिसलं की बॉम्बपेक्षाही आईपासून तुटणं मुलांना जास्त हादरवतं. पुढे १९५१ चा निर्वासितांविषयीचा करार झाला, त्याच्या कलम ४ मध्ये धर्म पाळायचं आणि मुलांना धर्मशिक्षण द्यायचं स्वातंत्र्य आलं, कलम २२ मध्ये शाळा आली. कागदावर दोन्ही होतं, पण वेगवेगळ्या खोल्यांत राहिल्यासारखं.

१९६० मध्ये धरमशालेत काय झालं बघा. जम्मूकडे रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या तिबेटी निर्वासितांची ५१ मुलं, आजारी आणि कुपोषित, तिथे आणली गेली आणि दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी ती सांभाळायला घेतली, त्यातूनच पुढे तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज उभं राहिलं. प्रार्थना, भाषा आणि गणित-विज्ञान हे सगळं एकाच आवारात. पोराला आपलं मूळ आणि पुढचं आयुष्य यातलं एक निवडायला लागलं नाही.

सुदानच्या मुलांना तर असं आवारसुद्धा मिळालं नाही. १९८० च्या दशकात यादवी युद्धामुळे हजारो मुलं, बरीचशी आईबापांशिवाय, चालत इथिओपियात गेली, १९९१ मध्ये तिथूनही पळावं लागलं आणि १९९२ मध्ये केनियातल्या काकुमा छावणीत पोचली. झाडाखाली शाळा, मातीत बोटाने गिरवलेली अक्षरं, मोठ्या पोरांनी लहानांना सांभाळायचं आणि सोबत चर्चमधली गाणी न् प्रार्थना. एवढ्यावर ती पोरं शिकली.

आता संशोधनाचं. रेझिलियन्सवरचा गाजलेला अभ्यास निर्वासितांवरचा नव्हताच, तो हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांवरचा होता. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती मुलं कित्येक वर्षं पाहिली, आणि ज्यांची परिस्थिती अगदी वाईट होती त्यातलीही साधारण एक तृतीयांश चांगली मार्गी लागलेली आढळली. त्यांच्याकडे काय होतं? जीव लावणारं एखादं भरवशाचं मोठं माणूस, आणि पुष्कळदा श्रद्धा किंवा धर्मातला गोतावळा.

मग १९९० च्या दशकात केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी एक फार गरजेची गोष्ट मांडली, की श्रद्धा दोन्ही बाजूंनी काम करते. देव पाठीशी आहे असं वाटणारा माणूस सावरतो, पण हे सगळं देवाने मला शिक्षा म्हणून दिलंय असं ज्याच्या मनात बसतं तो आणखी खचतो. हे विसरून चालणारच नाही, कारण सगळं गमावलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या मनात हा दुसरा विचार सहज येऊ शकतो, आणि तेव्हा त्याला उपदेश नको असतो, शांतपणे ऐकणारं कोणीतरी हवं असतं.

मदत संस्था मात्र धर्माच्या विषयाला बिचकून असायच्या, आणि मदतीच्या आडून धर्मप्रसार होईल ही भीती काही खोटी नव्हती. संकटातल्या लोकांच्या मानसिक आधारासाठी मदत संस्थांनी मिळून केलेल्या २००७ च्या मार्गदर्शिकेत लोकांच्या स्वतःच्या धार्मिक, सांस्कृतिक रीतींना जागा मिळाली, २०१२ मध्ये यूएनएचसीआरने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेने, श्रद्धा आणि संरक्षण यावर खास चर्चा घडवली, तेव्हा कुठे हे मोकळेपणी बोलणं सुरू झालं.

पण मला यात एक गोष्ट खटकते. पोरं चिवट आहेत, श्रद्धेच्या बळावर तरतील, असं म्हणून व्यवस्थेने हात झटकायचे हे बरोबर नाही. परदेशी प्रमाणपत्रं मान्य करणं, फी माफी, स्कॉलरशिप यांचा उल्लेख त्याच कलम २२ मध्ये १९५१ पासून आहे, तरी २०१९ मध्ये जगातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणात होते फक्त ३ टक्के, आणि आताचं उद्दिष्ट आहे २०३० पर्यंत १५ टक्क्यांचं.