सिनेमॅटोग्राफ

हलती चित्रे टिपणारे, त्यांच्या प्रती काढणारे आणि ती पडद्यावर दाखवणारे एकच यंत्र. ल्यों (फ्रान्स) येथे छायाचित्रणाच्या काचा बनवणाऱ्या ल्युमिएर घराण्यातील ऑग्युस्त आणि लुई या भावांनी १३ फेब्रुवारी १८९५ रोजी त्याचे पेटंट घेतले.

एडिसनचा किनेटोस्कोप त्याआधीच बाजारात आला होता. पण त्यात एका वेळी एकानेच डोळा लावून पाहायचे आणि त्याचा चित्रण करणारा कॅमेराही अवजड, विजेवर चालणारा. ल्युमिएरांची लाकडी पेटी जेमतेम पाच किलोंची, हाताने फिरवायची. ती जगभर पोहोचली याचे निम्मे श्रेय या हलकेपणाला द्यावे लागेल.

खरी मेख होती फीत सरकवण्यात. फीत अखंड धावली तर पडद्यावर नुसता फराटा दिसतो. प्रत्येक चित्र क्षणभर थांबले पाहिजे. लुईला युक्ती सुचली शिवणयंत्रावरून, कारण त्यात कापड टाक्याटाक्याला थांबत सरकते. दोन आकडे फितीच्या कडेच्या भोकांत शिरत, एक चित्रभर ओढत आणि मागे येत. सेकंदाला सुमारे १६ वेळा. ओढ चालू असेतो फिरती चकती उजेड अडवी. १७ मीटरची फीत ५० सेकंदांत संपे. खेळाच्या वेळी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा चंबू ठेवत. तो भिंगाचे काम करी आणि उष्णताही शोषी. भुरुभुरु पेटणाऱ्या नायट्रेट फितीला हे फार गरजेचे होते.

तिकीट लावून पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात झाला. दर एक फ्रँक, चित्रे दहा, प्रेक्षक अवघे ३३. अंगावर येणारी आगगाडी पाहून लोक पळाले, ही कथा याच खेळाला चिकटवतात. पण त्या दहांत आगगाडी नव्हतीच.

ती मुंबईकरांनी मात्र पहिल्याच खेळात पाहिली. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात, ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मारियुस सेस्तिए याने एक रुपया तिकिटात सहा चित्रे दाखवली. मुंबईतले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांना या नव्या खेळाची गोडी लागली. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली.