कवटीतले छर्रे आणि डग्लस यांचं भाषण

रिकामी कवटी उलटी धरायची, तळाच्या भोकातून शिशाचे बारीक छर्रे ओतायचे, हलवून हलवून ठासायचे आणि किती घन इंच मावले ते मोजायचं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन आधी यासाठी बी वापरत. पण बी दाबलं की जास्त मावतं, माप दर वेळी बदलतं, म्हणून छर्रे आले. इतका काटेकोर माणूस! कवटीत मेंदूला किती जागा, त्या आकड्यांवरून त्यांनी वंशांची उतरंड रचली: गोरे वर, कृष्णवर्णीय तळाशी. त्यांचे अनुयायी तर सांगू लागले की हे वंश मुळातच वेगवेगळे जन्माला आले. गुलामांच्या मालकांना आणखी काय हवं होतं?

12 जुलै 1854 रोजी ओहायोतल्या हडसन गावी, वेस्टर्न रिझर्व्ह कॉलेजच्या पदवीदानाच्या निमित्ताने, गुलामीविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय वक्ते फ्रेडरिक डग्लस या शास्त्राला उत्तर द्यायला उभे राहिले. मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेले, 1838 मध्ये पळून सुटलेले, शाळेची पायरीही न चढलेले.

त्यांनी बोट ठेवलं ते या शास्त्राच्या ग्रंथांतल्या चित्रांवर. युरोपीय चेहरा निवडायचा तो देखण्यातला देखणा, आणि कृष्णवर्णीयाचा मात्र ओठ फुगवून, कपाळ दाबून काढलेला. आमच्यातल्या शिकल्यासवरलेल्यांची डोकी यात का नाहीत, असं त्यांनी नावं घेऊन विचारलं. नमुना निवडतानाच निष्कर्ष ठरून गेला होता, हे त्यांनी नेमकं पकडलं.

मग आयर्लंड. 1845 मध्ये तिथे गेले असताना त्यांनी दारिद्र्याने आणि काबाडकष्टाने वाकलेली, चेहरे ओढलेली माणसं पाहिली होती. फक्त कातडी गोरी, बाकी मळ्यावरच्या गुलामांसारखीच. म्हणजे परिस्थिती शरीर घडवते. आणि समजा उगम वेगळा ठरलाच, तरी माणूसपण कुठे जातं? मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो, कारण हक्क मोजपट्टीवर टांगायलाच तो नकार देतो.

मॉर्टन यांच्या कवट्या अलीकडे पुन्हा मोजल्या गेल्या. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत त्यांचे आकडे बहुतांशी बरोबर निघाले. खोट होती ती त्या आकड्यांतून काढलेल्या अर्थात. कवटीच्या आकारावरून बुद्धी कळत नाही. तो अंगकाठीनुसार आणि हवामानानुसारही बदलतो.

या गोष्टीत आपली इरावती कर्वेही आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेत युरोपीयांचं श्रेष्ठत्व शोधायचं होतं. इरावतीने 149 कवट्या मोजल्या आणि त्यांच्याच हाती सोपवलेल्या प्रबंधात लिहिलं की या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही.