अलाइनमेंट लावणं (फँटसीतल्या पात्रांना)

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये (प्रत्येक जण एकेक पात्र होऊन खेळतो) पात्राची नैतिक बाजू सांगायला जे खाने केलेले असतात, त्या खान्यांत कथा-कादंबऱ्यांतली पात्रं बसवायचा उद्योग. उदा. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला जादूगार गँडाल्फ न्यूट्रल गुड, खलनायक सॉरॉन लॉफुल इव्हिल. सगळ्यात प्रचलित पद्धत डंजन्स अँड ड्रॅगन्सची (पुढे डीअँडडी). एका अंगाला लॉफुल (नियमाने चालणारा), न्यूट्रल (मधला), केऑटिक (स्वतःच्या मनाने चालणारा) आणि दुसऱ्या अंगाला गुड, न्यूट्रल, इव्हिल, तीन त्रिक नऊ खाने, मधल्याला ट्रू न्यूट्रल म्हणायचं. या नऊ खान्यांच्या तक्त्यालाच चार्ट म्हणतात, प्रत्येक खाना इथे सोडवत बसत नाही.

मराठीत लिहिताना शब्दांची जरा पंचाईत होते. गुड-इव्हिलला सुष्ट-दुष्ट ही जोडी आयती आहे. पण लॉफुलला 'कायदेशीर' म्हटलं की कोर्टकचेरी डोळ्यासमोर येते, 'नेमस्त' म्हटलं की टिळक-गोखले वाद, आणि केऑटिकला 'अराजक' म्हणावं तर स्वतःच्या मनाने चालणारा साधा भटक्या माणूसही बाँब फेकणारा वाटायला लागतो. म्हणून इथे इंग्रजी शब्दच ठेवलेत, खेळणारे बोलतातही तसंच.

उगम : इथे खरा वाद आहे. लॉ विरुद्ध केऑस ही कल्पना खेळात कुठून आली याला दोन दावेदार. एक लेखक पोल अँडरसन, ज्याची 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' ही कादंबरी १९५३ मध्ये मासिकात आली आणि १९६१ मध्ये पुस्तक झाली. त्यात दुसऱ्या महायुद्धातला एक डॅनिश इंजिनिअर अशा जगात जाऊन पडतो जिथे माणसांची राज्यं बहुतेक लॉच्या बाजूला आणि परीलोक केऑसच्या बाजूला, आणि मधल्या सीमेवर रस्सीखेच चाललेली. दुसरा लेखक मायकेल मूरकॉक, ज्याच्या एल्रिक नावाच्या राजाच्या कथा १९६१ पासून यायला लागल्या. त्याच्याकडेही लॉ आणि केऑसच्या दैवी फौजा आहेत, वर दोघांना तोलून धरणारा कॉस्मिक बॅलन्स आहे, आणि नुसता लॉ जिंकला तर जग थिजून मरतं हेही आहे.

लोक सहसा मूरकॉकचं नाव आधी घेतात कारण एल्रिक जास्त प्रसिद्ध. पण गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' हे १९७१ चं मिनिएचर (छोट्या सैनिक-बाहुल्यांच्या) युद्धखेळाचं पुस्तक, ज्यातून पुढे डीअँडडी निघाला, ते उघडलं तर त्याच्या फँटसी पुरवणीत दोघंही सापडतात. खऱ्या ट्रोलसाठी अँडरसनच्या कादंबरीचा हवाला आहे आणि हीरोने जादूगारही असावं, हातात जबरी तलवारही असावी याचं उदाहरण म्हणून एल्रिक आहे. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमधल्या (डंजन मास्टर म्हणजे खेळ चालवणारा) वाचनाच्या यादीतही (तीच ती अपेंडिक्स एन) दोन्ही नावं आहेत. म्हणजे एकच बाप शोधायचा हट्ट इथे फारसा कामाचा नाही. तरीपण रचना बघितली तर पारडं अँडरसनकडे झुकतं असं वाटतं, कारण खेळातला लॉ सुरुवातीला माणसांचा आणि हवाहवासा आहे, मूरकॉकसारखा थंडगार नाही. खेळातला पॅलाडिन (धर्मनिष्ठ योद्धा) आणि परत परत अंग भरून येणारा ट्रोलही अँडरसनकडूनच आलेत. न्यूट्रल म्हणजे 'तोल राखणारा' हा अर्थ मात्र मूरकॉकच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट, जी चार्टवर भांडताना कोणी लक्षात घेत नाही : चेनमेलमध्ये ही विभागणी फौज मांडण्यासाठी होती. कुठले प्राणी कुणाच्या बाजूने लढतील याची ती ढोबळ यादी. हॉबिट, ड्वार्फ, एंट लॉकडे, गॉब्लिन, ओर्क, बॅलरॉग केऑसकडे, एल्फ मध्ये, आणि जादूगार दोन्हीकडे. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा मूळ डीअँडडी आला त्यातही तेच तीन रकाने, फक्त आता एल्फ लॉ आणि न्यूट्रल दोन्हींत, आणि ओर्क न्यूट्रल आणि केऑस दोन्हींत छापलेले. स्वभाव सांगायचा असता तर एकच जमात दोन रकान्यांत कशाला टाकली असती? अलाइनमेंट म्हणजे तू कुठल्या तंबूत आहेस, इतकंच. प्रत्येक तंबूची वेगळी गुप्त भाषासुद्धा होती, अलाइनमेंट लँग्वेज म्हणून, आणि ती तंबूचीच असू शकते, मनाची भाषा कशी असेल.

तीनाचे नऊ : फेब्रुवारी १९७६ मध्ये गायगॅक्सने 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या खेळाच्या नियतकालिकात लेख लिहून लॉ-केऑसला गुड-इव्हिलचा आडवा अक्ष जोडला. त्यातून पाच अलाइनमेंट निघाल्या, चार कोपरे आणि मध्ये न्यूट्रल, आणि १९७७ च्या बेसिक संचात याच पाच राहिल्या. नऊचा पूर्ण तक्ता अ‍ॅडव्हान्स्ड डीअँडडीबरोबर पक्का झाला, साधारण १९७७-७८, मॉन्स्टर मॅन्युअल आधी आणि प्लेयर्स हँडबुक नंतर. १९८१ च्या बेसिक संचात परत तीनच होत्या, म्हणजे दोन्ही पद्धती बरीच वर्षं शेजारी शेजारी चालू होत्या.

या बदलात तंबूचा स्वभाव झाला. अलाइनमेंट बदलली तर पात्राची एक लेव्हल कापायची असा दंड आला, वागणुकीवर नजर ठेवणं डंजन मास्टरचं काम झालं, पॅलाडिनने लॉफुल गुडच असायचं आणि एकदा का जाणूनबुजून वाईट केलं की पॅलाडिनपण गेलं. या ताणाचा सगळ्यात गमतीशीर नमुना १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ट्रू न्यूट्रलच्या वर्णनात आहे. ड्रुइड (निसर्गपूजक पुजारी) सरदाराच्या बाजूने नॉल या दुष्ट राक्षसांच्या टोळीशी लढतो, आणि नॉल संपायला आले की लढाई सोडतो किंवा त्यांच्याच बाजूला जातो, का तर तोल सांभाळायचा! कॉस्मिक फौजांच्या हिशोबात हे एक वेळ समजतं, पण शेजारी उभं राहून लढणारा जिवंत माणूस म्हणून असा सोबती कोण ठेवील.

दुसऱ्यांची पात्रं : वाचकांनी आपल्या आवडत्या पात्रांना खाने लावायला नेमकी कधी सुरुवात केली याची तारीख देणं कठीण, बहुधा खेळाइतकंच जुनं असावं. छापील पुरावा १९७६ च्या 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणीपासून धरता येतो, त्यात देवदेवतांच्या रांगेत एल्रिक आणि रॉबर्ट हॉवर्डच्या कोनान या योद्ध्याचं जग पण आकडे लावून दिलंय. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'च्या सुरुवातीच्या छपाईत एल्रिकचा विभाग होता, नंतर परवान्याच्या भानगडीत तो आणि क्थुलूचा (लव्हक्राफ्टच्या भयकथांमधल्या देवांचा) दोन्ही गेले. खूप पुढे २००७ च्या 'कम्प्लीट स्काउंड्रल'मध्ये नऊ खान्यांना नावाजलेली पात्रं उदाहरण म्हणून दिली, त्यात बॅटमन आणि इंडियाना जोन्स लॉफुल गुड, जेम्स बाँड लॉफुल न्यूट्रल, रॉबिन हूड केऑटिक गुड. रॉबिन हूडवर कोणी भांडत नाही. बॅटमनवर मात्र इतकं भांडण आहे की त्याच्या एकट्याच्या वेगवेगळ्या प्रसंगांनी नऊच्या नऊ खाने भरलेला चार्ट फिरत असतो.

एल्रिक स्वतःच चांगलं उदाहरण. तो केऑसच्या अधिपतीचा, अ‍ॅरिओकचा, सेवक आणि शेवटी लढतो केऑसच्याच विरुद्ध. तंबूच्या अर्थाने सरळ आहे, त्याने बाजू बदलली. स्वभावाच्या अर्थाने बघायला जाल तर ज्याच्या तलवारीने त्याचेच जिवलग मारले त्या खंतावलेल्या राजाला कुठे ठेवणार.

वादाची जागा : गुड-इव्हिलवर भांडण कमी होतं, जवळपास सगळी मारामारी लॉफुल शब्दावर. देशाचा कायदा पाळणारा लॉफुल, की स्वतःचा नेम पाळणारा लॉफुल? दुसरा अर्थ घेतला तर आपल्या शब्दाला जागणारा प्रत्येक खुनी लॉफुल होतो, आणि मग केऑटिक खान्यात वेडे आणि वेंधळे तेवढे उरतात. पहिला घेतला तर दुष्ट राजाच्या राज्यात सज्जन माणूस लॉफुल राहूच शकत नाही.

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेतला स्टॅनिस इथे उपयोगी पडतो. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या किल्ल्यात डॅव्हॉस हा तस्कर कांदे आणि खारवलेले मासे पोचवतो, स्टॅनिसचा जीव वाचतो. स्टॅनिस त्याला सरदारकी देतो आणि आधीच्या तस्करीबद्दल त्याच्या एका हाताच्या चार बोटांची टोकं छाटतो. उपकाराने गुन्हा धुतला जात नाही आणि गुन्ह्याने उपकार पुसला जात नाही, दोन्ही खाती वेगळी. लॉफुल न्यूट्रलचं इतकं चोख चित्र दुसरं सापडणं अवघड. (डॅव्हॉस ती हाडं पिशवीत घालून गळ्यात बाळगतो, त्याला स्वतःला ही शिक्षा न्यायाचीच वाटते.) त्याच मालिकेतला जेमी लॅनिस्टर उलट टोकाचा : राजाच्या रक्षणाची शपथ घेतलेला, आणि राजा शहर जाळायला निघाला म्हणून त्यानेच राजाला मारलं. शपथमोडीमुळे केऑटिक म्हणावं तर हजारो जीव वाचवल्याचं गुड जवळ येतं, आणि तेवढ्यात त्याने मुलाला खिडकीतून ढकललेलं आठवतं. एकाच पात्राला दोन पुस्तकांत दोन खाने द्यावेत असं म्हणणारे म्हणूनच वाढलेत, आणि ते बरोबर वाटतं. टोल्किनच्या बोरोमिरचंही तेच, अंगठी हिसकायला धावतो आणि थोड्याच वेळात मेरी-पिपिन या दोन हॉबिटांना वाचवताना मरतो, त्याला एका खान्यात कोंबणं म्हणजे दोनपैकी एक प्रसंग खोडणं.

टोल्किनचाच टॉम बॉम्बाडिल, रानात आपल्याच तंद्रीत राहणारा, त्याला सगळे ट्रू न्यूट्रलमध्ये टाकतात. तो तोल वगैरे काही राखत नाही, त्याला अंगठीचा प्रश्नच लागू होत नाही. त्याला खरं तर चौथ्या आवृत्तीने (२००८) आणलेला अनअलाइन्ड (कुठलीच बाजू न घेतलेला) हा खाना बसेल, जो पाचव्या आवृत्तीत (२०१४) मुख्यतः जनावरांना लावतात. हे टोल्किनप्रेमींना आवडेलच असं नाही.

इतर पद्धती : पॅलेडियम या कंपनीच्या खेळांत सात अलाइनमेंट आहेत, गुड, सेल्फिश आणि इव्हिल अशा गटांत, आणि न्यूट्रल मुद्दामच नाही. डीअँडडीच्या चौथ्या आवृत्तीने नऊच्या पाच केल्या, पाचवीने नऊ परत आणल्या. चार्टचे खेळाबाहेरचे उपयोग, म्हणजे सँडविचच्या व्याख्येचा चार्ट वगैरे, हा वेगळा विषय आहे.

पाथफाइंडर या डीअँडडीतूनच निघालेल्या खेळाने २०२३ च्या रीमास्टरमध्ये (नव्याने मांडलेल्या नियमांत) नऊही खाने काढून टाकले. पात्र काय करेल आणि काय कधीच करणार नाही याच्या याद्या आता लिहायच्या. ठेवलं ते फक्त होली (पवित्र) आणि अनहोली (अपवित्र), तेही सगळ्यांना नाही, विश्वाच्या लढाईत ज्यांनी बाजू घेतली त्यांनाच.