गेमचं म्युझिक ढापलंय की मानाचा मुजरा आहे? आधी चाल आणि पोत वेगळे करा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तोच व्हिडिओ नव्याने बनवतं. डाव्या बाजूला जुन्या गेमचं म्युझिक, उजव्या बाजूला ऐंशीच्या दशकातलं एखादं इंग्रजी गाणं, मधे लाल अक्षरात 'चोरी पकडली', आणि खाली लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो सरळसरळ ढापलंय, दुसरा म्हणतो अरे ट्रिब्यूट आहे तो, तुला कळत नाही. मला आता दोन्ही बाजूंचा मनापासून कंटाळा आलाय, कारण बहुतेक वेळा ते चोरीही नसतं आणि ट्रिब्यूटही नसतं, तिसरंच काहीतरी असतं आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

चोरी म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये, दुसऱ्याची चाल उचलायची आणि आपल्या नावावर खपवायची, यावर वेळ घालवत नाही. लोक अडकतात ते त्याच्या आधीच्या पायरीवर. दोन तुकडे सारखे 'वाटतात' म्हणजे नक्की काय सारखं आहे? चाल सारखी आहे की पोत, म्हणजे एकूण आवाजाचा रंग, सारखा आहे? हे एकदा वेगळं करता आलं की अर्धी भांडणं तिथेच संपतात.

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने असाच एक व्हिडिओ पाठवला. १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर' या जपानी गेममधली रोबो या पात्राची धून, आणि शेजारी रिक ॲस्टलीचं १९८७ चं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप'. खाली लिहिलेलं, मावशी ही तर शंभर टक्के कॉपी. तो घरी आला तेव्हा मी बाबांची पेटी काढली. पेटीची एक गंमत आहे, डावा हात भात्यावर अडकलेला असतो त्यामुळे उजव्या हाताने एकतर एका बोटाने चाल वाजवता येते नाहीतर तीन बोटांनी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर, धरता येतो, दोन्ही एकदम नीट जमत नाही. पियानोवर सगळं एकत्र वाजतं म्हणून कान फसतो, पेटी तुम्हाला वेगळं करायलाच लावते.

तर आधी कॉर्ड वाजवले. त्या इंग्रजी गाण्याच्या धृपदात क्रम असा येतो: चौथा, पाचवा, तिसरा, सहावा. म्हणजे षड्जापासून मोजत गेलं तर म, प, ग, ध या सुरांवर उभे राहिलेले कॉर्ड, याच क्रमाने. रोबोच्या धुनेखाली हाच क्रम आहे. भाचा म्हणाला बघ, सांगितलं होतं ना. मग मी एका बोटाने नुसती चाल वाजवली, आधी ही मग ती. सुरुवातीच्या वळणात थोडं साम्य आहे, नाही असं नाही, पण पुढे रोबोची धून आपल्या वाटेने निघून जाते आणि गाण्याची चाल तिच्या. तो गप्प बसून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, परत वाजव. तीनदा वाजवली.

आता तो कॉर्डचा क्रम. जपानमध्ये त्याला 'ओदो शिंको' म्हणतात, म्हणजे अक्षरशः राजमार्गाचा क्रम, आणि जपानी पॉप आणि ॲनिमेची गाणी त्याने भरलेली आहेत. राजमार्गावरून दोन गाड्या गेल्या म्हणून मागचीने पुढचीचा रस्ता चोरला असं आपण म्हणत नाही. त्या दोन गाण्यांचे मॅशअप, म्हणजे एकावर एक चढवून केलेलं मिश्रण, इतके छान बसतात ते यामुळेच, खालचा पाया एक असला की वरचं काहीही बसतं. मॅशअप बसला म्हणजे चोरी सिद्ध झाली, हा युक्तिवाद कृपा करून कुणी करू नका, माझी सगळ्यात मोठी चीड हीच आहे.

आपल्या लोकांना तर हे कळायला अजिबात जड जाऊ नये. भूप रागात किती बंदिशी आहेत, सगळ्यांत सा रे ग प ध हेच स्वर, मग सगळ्या एकमेकींच्या नकला का? आणि देसकारातही तेच पाच स्वर आहेत, तरी भूप गाताना देसकार झाला तर जाणकार लगेच मान हलवतो, कारण चलन, म्हणजे स्वर फिरवायची रीत, वेगळं. राग सगळ्यांचा, बंदिश ज्याची त्याची. जपानी संगीतात 'योनानुकी' नावाची स्वरावली आहे, चौथा आणि सातवा स्वर गाळलेली, म्हणजे सुरांच्या हिशोबाने आपला भूपच. त्यामुळे एखाद्या जपानी गेममधल्या गावाची शांत धून ऐकून कुणी म्हणतं ही आपल्या अभंगावरून घेतलीये, तेव्हा मला समजतं की त्याला सारखं का वाटलं, पण त्यात घेतलं कुणी काही नाही.

दुसरी गोष्ट पोताची. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा तो 'व्हिडिओ गेम' खेळलाय, पिवळी कॅसेट फुंकून आत घालायची, त्यांच्या कानात एक विशिष्ट आवाज कायमचा बसलाय. ते मशीन बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असायचं आणि फॅमिकॉममध्ये आवाजाच्या वाटा फक्त पाच, दोन चौकोनी लहरीच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीचा, एक छोट्या सॅम्पलसाठी. बेस सहसा त्रिकोणी लहरीवर, चाल चौकोनीवर, आणि कॉर्ड वाजवायला वाटाच उरत नाहीत म्हणून त्याचे सूर सुटे करून भरभर एकामागून एक वाजवायचे, ते जे गुदगुल्या केल्यासारखं तरतरतर ऐकू येतं ते हेच. त्या मशीनसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला याच पाच वाटांत बसायचं होतं. म्हणून 'हे मारिओसारखं वाटतं' या वाक्याला माझ्या लेखी काही किंमत नाही, सारखा आहे तो चिपचा आवाज. सेगाच्या मशीनची चिप वेगळी, तिचा धातूसारखा बेस वेगळा, आणि मग तिच्यावरच्या सगळ्या गेम्सही एकमेकींसारख्याच वाटतात.

कोर्टातही हा घोळ होतो. २०१५ मध्ये अमेरिकेत 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याविरुद्ध, मार्विन गे या गायकाच्या जुन्या 'गॉट टू गिव्ह इट अप'वरून, गे यांच्या कुटुंबाच्या बाजूने ज्युरीने ७० लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली, पुढे रक्कम कमी झाली पण २०१८ मध्ये अपिलातही निकाल टिकला. दोन्ही गाणी ऐकली तर ताल, पार्टीचा गलका, एकूण मजा सारखी आहे, चाल मला तरी सारखी वाटत नाही, आणि तो निकाल चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. उलट केटी पेरीच्या 'डार्क हॉर्स'वर २०१९ मध्ये ज्युरीने ठपका ठेवला, तो २०२० मध्ये न्यायाधीशांनी फिरवला आणि २०२२ मध्ये अपील कोर्टानेही तेच म्हटलं, की आठ सुरांचा असा साधा फिरता तुकडा ही संगीताची वीट आहे, ती कुणा एकाची नाही. हे मला पटतं.

आणि ते 'सहा-सात सेकंद घेतले तर चालतं' हे कुणी सुरू केलं देव जाणे. आपल्या कायद्यात असा काही आकडा नाही. २००८ मध्ये मुंबई हायकोर्टात राम संपत यांनी एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेल्या छोट्याशा धुनेवरून 'क्रेझी ४' सिनेमाविरुद्ध दावा लावला, धून सेकंदांतच मोजावी अशी, तरी कोर्टाने ती गाणी ठेवून सिनेमा दाखवायला मनाई केली, मग तडजोड झाली. तुकडा लहान की मोठा याने काही ठरत नाही, तो तुकडा म्हणजेच त्या धुनेचा जीव असेल तर तेवढाही पुरतो.

आता मुजऱ्याकडे. इथे माझा आग्रह जरा कडक आहे. मुजरा म्हणजे 'सौम्य चोरी' नव्हे, ही दोन एकाच पट्टीची टोकं नाहीत की थोडं घेतलं तर मुजरा आणि जास्त घेतलं तर चोरी. मुजऱ्यात पूर्ण चाल घेतलेली असू शकते, फक्त कुणाला मुजरा करतोय ते कळलं पाहिजे. आपल्या संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं 'चाल' आणि पुढे मूळ चिजेचे किंवा पदाचे शब्द. चाल जशीच्या तशी घेतलेली, आणि कुठून घेतली ते त्याच पानावर. मला याहून सभ्य पद्धत माहिती नाही.

गेम्समध्ये याच्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण म्हणजे २०१४ चा 'शॉव्हेल नाइट'. जेक कॉफमनने त्याचं म्युझिक जुन्या फॅमिकॉमच्याच मर्यादेत लिहिलं, त्याला कोनामीच्या एका जास्तीच्या चिपची जोड दिली, जी १९८९ मध्ये जपानमधल्या 'कॅसलव्हेनिया'च्या तिसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये होती. आणि 'मेगा मॅन'च्या पहिल्या भागाचं म्युझिक करणाऱ्या मानामी मात्सुमाए यांच्याकडूनच दोन धुना करून घेतल्या. १९८७ च्या त्या मूळ गेममध्ये त्यांचं नाव धड पूर्ण आलेलंही नाही, टोपणनावाने आलंय, तेव्हा जपानी कंपन्यांत तशीच पद्धत होती. ज्या बाईंची शैली आपण उचलतोय त्यांना बोलावून, काम देऊन, त्यांचं खरं नाव लावायचं, याला मुजरा म्हणतात. चाली मात्र त्या गेमच्या स्वतःच्या आहेत, कुठूनही उचललेल्या नाहीत.

युझो कोशिरोचं 'स्ट्रीट्स ऑफ रेज', १९९१ चं, तेही बघा. त्या काळच्या क्लबमधलं हाउस संगीत त्यात उघड ऐकू येतं आणि ते कुठून आलं हे कोशिरो मुलाखतींत स्वतः सांगत आलेत. त्यांचं स्वतःचं नावही गेमच्या पहिल्या स्क्रीनवर आहे, तेव्हा ही फार दुर्मिळ गोष्ट होती. याला मी मुजरासुद्धा म्हणणार नाही, हा प्रभाव आहे, आणि प्रभाव हा शब्द काही कमी दर्जाचा नाहीये. सुरुवातीला मी तिसरंच काहीतरी म्हणाले ते हेच, लोक हा शब्द वापरत नाहीत म्हणून सगळं चोरी आणि ट्रिब्यूटमध्ये कोंबलं जातं.

'सॉनिक ३'मधल्या बर्फाच्या लेव्हलचं प्रकरण तर पटकन सांगून सोडते, ती धून 'जेट्झन्स' नावाच्या बँडच्या 'हार्ड टाइम्स'शी जुळते ते रेकॉर्डिंग २००८ मध्ये बाहेर आलं आणि पुढे साम्य लक्षात आल्यावर मोठा गाजावाजा झाला, पण सॉनिकच्या म्युझिकवर काम केलेले ब्रॅड बक्सर त्याच बँडमध्ये होते. स्वतःच्या घरातलं सामान स्वतः वापरलं, पुढे काय.

'डूम'वर मात्र माझं मन अजून अडतं. १९९३ च्या या गेमसाठी तो बनवणाऱ्यांपैकी जॉन रोमेरोने संगीतकार बॉबी प्रिन्सला मेटल बँडच्या सीडी दिल्या, असं काहीतरी पाहिजे म्हणून. प्रिन्स शिकलेले वकील होते. पहिल्या लेव्हलची रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, मेटॅलिकाच्या १९८३ च्या 'नो रिमोर्स'च्या इतकी जवळ जाते की कुणालाही आठवण यावी, आणि तरी जरा वळते. गिटारच्या रिफमध्ये चाल आणि ताल एकमेकांत गुंतलेले असतात त्यामुळे इथे पेटीची कसोटी नीट लागत नाही, हे मान्य करते. कोर्टात ते बहुधा टिकलं असतं. पण कायद्याच्या कडेकडेने जाणं म्हणजे मुजरा नव्हे, आणि 'डूमने मेटलला ट्रिब्यूट दिला' असं कुणी लिहिलं की मला विचारावंसं वाटतं, गेममध्ये त्या बँडचं नाव कुठे आलं?

'मारिओ' आणि 'झेल्डा'चं म्युझिक करणारे निन्टेन्डोचे कोजी कोंडो यांना हद्द कळत होती हे तर नक्की. 'झेल्डा'च्या पहिल्या भागाला, १९८६ च्या, ते राव्हेलचं 'बोलेरो' लावणार होते, मग लक्षात आलं की राव्हेल १९३७ मध्ये गेले आणि जपानमध्ये कॉपीराइट संपायला अजून थोडा वेळ बाकी आहे, तेव्हा त्यांनी ते काढलं आणि घाईघाईत स्वतःची धून बसवली. आज ती धून झेल्डाची ओळख आहे.

म्हणूनच भाच्याने शेवटी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. त्याने मारिओची जमिनीखालची धून काढली, १९८५ ची, ती सुरांच्या जोड्या उड्या मारत जाते ती, आणि मग १९७९ चं 'लेट्स नॉट टॉक अबाउट इट', ली रिटनाउरच्या 'फ्रेंडशिप' या ग्रुपचं. त्यात मधे एक तुकडा येतो. मी पेटीवर एका बोटाने वाजवला, कॉर्ड नाही, काही नाही, नुसते खालच्या आणि वरच्या सप्तकातले तेच सूर, आणि भाचा पेटीकडे बघत म्हणाला, मावशी हा मारिओच आहे.

तो मारिओच ऐकू येतो, हे मीही कबूल केलं. कोंडोंवर जॅझ-फ्यूजनचा प्रभाव होता हे त्यांनी स्वतः सांगितलंय, पण हा पोत नाही, ही चाल आहे, छोटी असली तरी. चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण एखादा तुकडा कानात राहून सहा वर्षांनी आपलाच वाटून बाहेर येऊ शकतो, गाणं बसवणाऱ्या कुणालाही विचारा. पण त्याला मुजरा म्हणू लागलात तर तेही मी ऐकून घेणार नाही, मुजऱ्याला नाव लागतं, आणि त्या गेममध्ये श्रेयनामावलीच नाहीये, राजकन्या सापडते, आभार मानते आणि संपतं, कोंडोंचं स्वतःचं नावसुद्धा स्क्रीनवर कुठे येत नाही.