उशिरा पडलेला तुकडा

कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर बसला की आपण म्हणतो, ‘सगळं कळतं त्याला!’ त्याच्या डोक्यातला हिशेब मात्र साधा असतो. मी काय केलं, आणि लगेच काय मिळालं? सगळी मेख ‘लगेच’मध्ये आहे.

1898 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना खटक्याच्या पेटीत कोंडलं. धडपडताना चुकून खटका दबे, दार उघडे, बाहेर खाऊ मिळे. फेऱ्या वाढल्या तसा सुटकेचा वेळ घटत गेला. ज्या कृतीमागून सुख येतं ती टिकते, हे त्यातून दिसलं. कुत्र्याचंही तसंच आहे.

‘बस’ शिकवायचं तर तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर झाली की बूड आपसूक खाली येतं. ते टेकलं त्याच क्षणी तुकडा तोंडात. तुम्ही खिसा चाचपत राहिलात आणि तेवढ्यात त्यानं उडी मारली, तर बक्षीस उडीला गेलं! म्हणून बसताक्षणी आधी ‘शाब्बास’ म्हणायचं, मग तुकडा काढायचा. शब्दामागून खाऊ येतो हे काही दिवसांत त्याला पक्कं होतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2016 मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर एकत्र आले तरच मेंदूतली बक्षिसाची केंद्रं जास्त जागी झाली. तेव्हा ‘शाब्बास’ कोरडं नको.

हुकूमही घरात एकच ठरवा. वडील ‘बस’ म्हणतात, आजी अहिराणीत ‘बठ’ आणि कॉलेजातली ताई ‘सिट’. नव्या पिलाला हे तीन वेगळे आवाज आहेत.

खरी परीक्षा जेवणाच्या वेळी. शेवभाजीचं ताट आलं की कुत्रा टक लावून बसतो. सगळे दुर्लक्ष करतात, पण कधीतरी आजी भाकरीचा कोर टाकतेच. रोज मिळणाऱ्या तुकड्यापेक्षा असा अधूनमधून मिळणारा तुकडा सवय जास्त घट्ट करतो. स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून हे सविस्तर मांडलं. देणं बंद केलं की कुत्रा आधी जास्तच भुंकतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे हात टेकतात. (आजीला कोण समजावणार, हा विज्ञानाबाहेरचा प्रश्न.) भरीत तर मुळीच देऊ नका. त्यातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतात. बक्षिसाला उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. जळगावकरांकडे केळी आहेतच, तीही थोडी चालतात.

‘ये’ म्हणून बोलवायचं आणि आल्यावर चप्पल कुरतडली म्हणून रागवायचं, हे तर सर्रास चालतं. कुत्र्याच्या लेखी शिक्षा येण्याला झाली. चप्पल केव्हाच मागे पडली. पुढच्या वेळी तो लांबूनच बघतो.

मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. दुपारी तो ऐकत नसेल तर तो हट्ट समजू नका. सरावाला पहाटेची पाच-दहा मिनिटं घ्या, आणि डांबरी रस्ता टाळा.