‘पुस्तकात असं नाहीये’ ह्या वाक्यामागची पार्श्वभूमी

एचबीओनं २०२३ मध्ये हॅरी पॉटरची नवीन सिरीज करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून आमच्या परभणीच्या घरात दर सुट्टीला हाच विषय निघतो. भाची पुस्तकवाली, पुतण्या सिनेमावाला. नवीन कलाकारांचे फोटो आले की दोघं मोबाईल घेऊन बसतात आणि भाची मला विचारते, "मामा, ह्या वेळेस तरी नीट करतेल का?" ह्या ‘तरी’ मध्ये लई काही आहे. जे पुस्तक जिवापाड आवडलं त्याचा पिक्चर येतोय म्हणल्यावर आनंद आणि भीती एकदमच वाटते, आणि ही भीती काही इंटरनेटनं आणलेली नाही, तिचा इतिहास जुना आहे, आणि आपल्या भागात तर फारच जुना आहे, म्हणून हे लिहायलोय.

सुरुवात पैठणपासून करतो. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोपर्यंत जवळपास तीनशे वर्षं ज्ञानेश्वरी हातानं उतरवून घेतली जात होती, उतरवणाऱ्यांच्या चुका साचल्या, पाठभेद झाले, काहींनी आपल्या पदरच्या ओव्याही घुसडल्या. नाथांनी ते सगळं निस्तरलं आणि शेवटी लिहून ठेवलं,

"ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥"

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताच्या ताटात करवंटी. आवडत्या ग्रंथाला कुणी हात लावला की वाचणाऱ्याला काय वाटतं हे ह्याच्याइतकं नेमकं मी तरी दुसरीकडं वाचलेलं नाही.

पण त्याच नाथांनी भावार्थ रामायणही लिहिलं, आणि तिथं ते काही वाल्मिकींच्या ओळीला ओळ लावत बसले नाहीत, कथा मोकळेपणानं मराठी केली. म्हणजे एकीकडं एका अक्षराचीही राखण आणि दुसरीकडं सगळी कथाच आपल्या भाषेत नव्यानं. मला ह्यात विरोध दिसत नाही. ज्ञानेश्वरीत घुसडलेली ओवी ज्ञानदेवांच्या नावावर खपते, भावार्थ रामायण हे नाथांचं म्हणूनच समोर येतं. चाहत्यांच्या रागाचं मूळ मला ह्याच फरकात दिसतं. बदल केला म्हणून माणूस तेवढा चिडत नाही जेवढा मूळचं नाव लावून दुसरंच काही वाढलं म्हणून चिडतो. नाथांचं ते रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आलं आणि पुढचं त्यांच्या शिष्यानं, गावबानं, पूर्ण केलं, हेही ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता बाहेर जाऊ. १९०० साली ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ हे पुस्तक आलं, त्यात डोरोथी ह्या नायिकेचे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या सिनेमात ते माणकासारखे लालभडक केले, कारण टेक्निकलर ह्या रंगीत सिनेमाच्या तंत्राचा जमाना होता आणि पडद्यावर लाल रंग उठून दिसायचा. आज जगात कुणालाही विचारा, बूट लालच सांगतील. पिक्चर पुस्तकापेक्षा जास्त लोकांपर्यंत गेला की त्यातला बदलच मूळ होऊन बसतो, पुस्तकवाला एकटा पडतो. आपल्याकडं ‘चंद्रकांता’चं तेच झालं. देवकीनंदन खत्रींची कादंबरी १८८८ ची, ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात, पण १९९४ ला दूरदर्शनवर सिरीयल आली आणि आमच्या पिढीला रविवार सकाळची चंद्रकांता आणि क्रूरसिंगचं ‘यक्कू’ एवढंच माहीत. ती कादंबरी वाचलेला माणूस मला लई उशिरा भेटला.

लेखकाच्या बाजूनं ही भीती सगळ्यात स्पष्ट मांडली ती टॉल्किन यांनी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं आणि दोनच वर्षांत सिनेमावाले दारात. तेव्हा त्यांचं आणि प्रकाशकाचं धोरण ठरलं की एकतर भरपूर पैसा द्या, नाहीतर खटकेल ते काढायचा पूर्ण अधिकार आम्हाला द्या. १९५८ मध्ये पहिली पटकथा हातात पडली तेव्हा त्यांनी पानापानावर आक्षेप काढले, गरुड उगाच जागोजागी आणलेत, लढाया वाढवल्यात, कथेतले एल्फ म्हणून जे अमर लोक आहेत त्यांच्या लेम्बास ह्या भाकरीला तर जेवणाचा अर्क करून टाकलंय. मला हा लेम्बासचा आक्षेप लई महत्त्वाचा वाटतो. कथेत त्यानं काही फरक पडत नाही, पण त्या भाकरीत एल्फ लोकांचा हात आहे, माया आहे, तिची गोळी केली की ती दुनियाच जाते. ज्याच्या शिदोरीत घरून बांधून दिलेली भाकरी-चटणी आली त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो सिनेमा झाला नाही. १९६९ ला हक्क विकले गेले, १९७८ मध्ये राल्फ बक्षींचा ॲनिमेशनपट आला तो कथेच्या अर्ध्यातच थांबला, पुढचा भाग निघालाच नाही आणि लोक तसेच लटकून राहिले.

असाच अर्धवटपणा जर्मन लेखक मायकेल एन्डे यांच्या वाट्याला आला. ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९ चं पुस्तक, १९८४ चा पिक्चर, त्यात साधारण पहिला अर्धा भागच घेतला. एन्डे इतके नाराज झाले की सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढायला लावलं, कोर्टात गेले आणि हरले.

मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ परत पडद्यावर आणणारे दिग्दर्शक पीटर जॅक्सन. इथून चाहता ह्या प्रकाराला पहिल्यांदा वजन आलं असं मला वाटतं. १९९८ मध्येच, शूटिंग सुरू व्हायच्या आधी, जॅक्सन यांनी इंटरनेटवर चाहत्यांच्या वीस प्रश्नांना उत्तरं दिली. काय ठेवणार, काय काढणार, हे लोक आधीच विचारत होते आणि दिग्दर्शक उत्तर देत होता, हे तोवर फारसं कुणी केलेलं नव्हतं. ॲलन ली आणि जॉन हाऊ, ज्यांची चित्रं पुस्तकांबरोबर वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेली होती, त्या दोघांनाच त्यांनी न्यूझीलंडला बोलावून घेतलं, त्यामुळं पडद्यावर जे आलं ते वाचकाला ओळखीचं वाटलं. पुस्तकात लढाईत नसलेली एल्फ लोकांची अरवेन हेल्म्स डीप ह्या किल्ल्याच्या लढाईत तलवार घेऊन उतरणार होती, त्याची शूटिंगही झाली, बातमी फुटली, चाहते बिथरले आणि ते सीन शेवटी सिनेमातून गेले.

२००१, २००२, २००३ असे तीन सिनेमे आले, तिसऱ्याला ११ नामांकनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर. ह्याच सिनेमांत पुस्तकातलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खंच्या अख्खं काढलेलं आहे. शेवटी हॉबिट लोक, म्हणजे कथेचे बुटके नायक, गावी येतात आणि गाव लुटलेलं दिसतं हा मोठा भागही नाही. वाचक हळहळले, पण बहुतेकांनी माफ केलं. फॅरामिर ह्या योद्ध्याच्या बदलाला मात्र माफी उशिरा मिळाली, काहींनी अजून दिलेली नाही, कारण पुस्तकातला फॅरामिर सगळ्यांना भुलवणाऱ्या त्या जादूच्या अंगठीचा मोह नाकारतो आणि सिनेमातला अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोला धरून ऑस्गिलियाथ ह्या पडक्या शहरापर्यंत घेऊन जातो. माझा हिशोब सोपा आहे, ताटातली एखादी वाटी काढून घेतली तर पोट जरा रिकामं राहतं, पण ताटात नरोटी ठेवली की सगळ्या जेवणाची चव जाते. बॉम्बाडिल वाटी होता. फॅरामिरच्या बाबतीत मी आजही नरोटीच म्हणतो.

पुढं ‘हॉबिट’वर तर ताटापेक्षा मोठं ताट मांडलं. १९३७ चं लहान मुलांसाठीचं सुटसुटीत एक पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन सिनेमे, मिळून जवळजवळ आठ तास, आणि टॉरिएल नावाचं पुस्तकात नसलेलं पात्र आणि तिची प्रेमकथा. काहीच कापू नका म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उत्तर होतं, जागा भरपूर मिळाली म्हणून कथा मोठी होत नाही.

हॅरी पॉटरवर आमच्या घरात जास्त बोलणं होतं कारण ते आमच्यापर्यंत मराठीत आलं. पहिलं पुस्तक १९९७ चं, मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. हा परीस शब्द आपल्या लेकरांना नवीन नाही. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव महाराज आणि परिसा भागवत ह्यांची गोष्ट आमच्याकडं आजीच्या तोंडून ऐकलेली असते, नामदेवांची बायको राजाईनं भागवताच्या घरून आणलेला परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला आणि भागवत रागावला तेव्हा ओंजळभर खडे काढून दाखवले, सगळेच परीस. भाची सांगते की पहिल्यांदा पुस्तक हातात घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यासमोर नदीतला ओला काळा खडा होता. मग टीव्हीवर हिंदीतला पिक्चर लागला आणि त्यात लालचुटूक चमकणारा दगड निघाला. पुस्तकात दगड रक्तासारखा लालच आहे, सिनेमानं काही चूक केली नाही, तरी तिला तो आपला वाटला नाही. वाचणारा डोक्यात स्वतःचा पिक्चर आधीच काढून ठेवतो आणि त्यात आजीची गोष्ट, गावची नदी, शाळेचा व्हरांडा सगळं वापरतो, तो पिक्चर कोणताच दिग्दर्शक काढू शकत नाही.

बाकीच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांना कारणंही आहेत. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, त्यामुळं सहाशेच्या वर पानांचं चौथं पुस्तक १५७ मिनिटांत बसवायचं तर घरकामी एल्फच्या हक्कांचं प्रकरण जातंच. तिसऱ्या सिनेमात हॅरीच्या हाती आलेला जादूचा नकाशा कुणी बनवला हेच सांगितलेलं नाही, हे कापलेलं मला पटत नाही, दोन वाक्यांचं काम होतं आणि हॅरीच्या बापाची अख्खी दोस्ती त्यात होती. हॅरीचे डोळे पुस्तकात आईसारखे हिरवे, हे परत परत येतं, पण डॅनियल रॅडक्लिफला लेन्सचा त्रास झाला म्हणून निळेच राहिले. हे मी सोडून देतो, लेकराच्या डोळ्यांना त्रास देऊन कथा राखायची नसते.

काही बदलांनी मात्र मूळच हलतं. अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी ह्या पुस्तकमालिकेतला जादूगार गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, त्या दुनियेत बहुतेक लोक सावळे-काळेच आहेत, हे लेखिकेनं ठरवून केलेलं. २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा पोरगा झाला आणि ले ग्विन यांनी उघड लेख लिहून निषेध केला. आमच्यासारख्या उन्हातल्या माणसाला एवढ्या मोठ्या जादूगाराचा रंग आपला आहे हे वाचून काय वाटतं ते पैशात मोजता येत नाही, आणि तेच पडद्यावरून पुसलं. पर्सी जॅक्सन पुस्तकात १२ वर्षांचा, २०१० च्या सिनेमात थोराड पोरगा. लेखक रिक रायर्डन यांनी सिनेमा यायच्या आधीच निर्मात्यांना लिहून कळवलं होतं की वय वाढवू नका, वाचणारी लेकरं तुटतील. कुणी ऐकलं नाही, दोन सिनेमांवर गाडी थांबली. २०२३ ला नवीन सिरीज आली तेव्हा लेखक स्वतः आत होते आणि पर्सीचं काम लहान मुलानंच केलं.

आणि गावबाची आठवण ठेवा म्हणलो होतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ला सुरू झालं तेव्हा पुस्तकं पूर्ण नव्हती, सिरीयल पुस्तकांच्या पुढं निघून गेली आणि २०१९ चा शेवट लोकांना इतका लागला की शेवटचा सीझन परत करा म्हणून १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. गावबानं नाथांजवळ राहून, नाथांचं ऐकून पुढचे अध्याय केले आणि ते लोकांनी पोथीत स्वीकारले, आजही वाचताना कुणी ४४ व्या अध्यायावर पोथी मिटत नाही. चाहता दुसऱ्याचा हात लागू देतो, पण तो हात त्याच घरचा वाटावा लागतो.

आपल्याकडं २०२३ लाच रामकथेवरच्या एका मोठ्या सिनेमाचे संवाद लोकांच्या रागामुळं प्रदर्शनानंतर बदलावे लागले. तेव्हा आमच्या गल्लीतले ज्यांनी आयुष्यात कादंबरी वाचली नाही ते म्हातारेसुद्धा बोलायले होते, कारण हनुमान कसा बोलतो हे त्यांना पोथी ऐकून पाठ होतं.

परत पैठण. पैठण ज्यांची राजधानी त्या सातवाहनांच्या काळातला गुणाढ्य, त्यानं पैशाची नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत बृहत्कथा लिहिली, सात लाख श्लोक, राजानं भाषा हलकी म्हणून नाकारली, मग त्यानं जंगलात बसून एकेक पान जनावरांना वाचून दाखवत सहा लाख श्लोक जाळले, राजा धावत आला तोवर एकच लाख उरले, अशी कथा आहे. ते उरलेलंही आज मूळ रूपात नाही. आपल्याकडं आहे ते दुसऱ्यांनी सांगितलेलं, अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं केलेला कथासरित्सागर, त्यातला वेताळ, आणि त्या वेताळावरून १९८५ ला दूरदर्शनवर आलेला विक्रम आणि बेताल. ती सिरीयल बघताना ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणायला कुणीच नव्हतं, कारण पुस्तकच राहिलेलं नाही. भाचीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली की आपलं भांडण बरंय मग, भांडायला पुस्तक तरी हातात आहे.

तिची यादी तयार आहे. नकाशाची गोष्ट, एल्फचे हक्क, हिरवे डोळे, आणि सगळ्यात वर पीव्ज. हॉगवर्ट्स ह्या हॅरीच्या जादूच्या शाळेतलं ते खोडकर भूत पहिल्या सिनेमासाठी रिक मेयल यांनी केलं होतं, शूटिंग झालं आणि सगळं कापलं, आठही सिनेमांत तो एकदाही दिसत नाही. आता एका पुस्तकाला एक सीझन म्हणायलेत, म्हणजे जागा नव्हती हे कारण सांगता येणार नाही. पहिला भाग आला की ती आधी त्यालाच शोधणार आहे.