कवचांच्या कचऱ्यावर एन्झाइम प्रक्रिया

सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्या (खेकडे) सोलून उरणाऱ्या टरफलांतून एन्झाइम वापरून प्रोटीन, कायटिन (टरफलाला कडक करणारा, साखरेसारख्या कणांच्या लांब साखळ्यांचा पदार्थ), त्यापासून होणारं कायटोसान आणि त्या साखळीचा सुटा कण म्हणजे ग्लुकोसामाइन असा माल काढायची पद्धत. सुंगटाचं डोकं आणि साल मिळून जवळपास ४० ते ५० टक्के वजन फुकट जातं, आणि उन्हात दोन तास ठेवलं की वास कसा सुटतो ते मडगाव-म्हापशाच्या बाजारात जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या, शिनाण्या, कालवं यांच्या शिंपल्या मात्र यात धरू नयेत, लोक इथेच घोळ करतात. त्या जवळजवळ सगळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या, कायटिन नावापुरतं, त्यामुळे एन्झाइमला तिथे काही कामच नाही. त्या भाजून चुना करायची रीत गोव्यात जुनीच आहे.

सुंगटाच्या सालीत तीन गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात: प्रोटीन, चुन्याचा भाग आणि कायटिन. नेहमीच्या कारखानी पद्धतीत हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना विरघळवतात, मग गरम कॉस्टिक सोड्यात प्रोटीन काढून टाकतात, म्हणजे प्रोटीन वाया आणि वर ते खारट-आम्लारी पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतोच. प्रोटीएज एन्झाइम तेच प्रोटीन सौम्य तापमानाला तोडतं (मटण मऊ व्हायला कच्ची पपई लावतात ना, त्यातलं पपेन याच जातीचं) आणि ते मासे-कोंबड्यांच्या खाद्यात वापरता येतं. चुना काही एन्झाइमने निघत नाही, त्याला आम्ल लागतंच, म्हणून कधी कधी टरफलात साखर घालून लॅक्टिक ॲसिडचे बॅक्टेरिया वाढवतात, दह्यातल्यासारखे, तेच आम्ल तयार करतात.

पुढचं काम अवघड. कायटिनेज कायटिनच्या साखळ्या तोडतं खरं, पण कायटिनचे स्फटिक इतके घट्ट की ते आत शिरतच नाही. २०१० मध्ये कळलं की काही बॅक्टेरियांचं तांबंवालं एक एन्झाइम ऑक्सिजन वापरून आधी स्फटिकाला चिरा पाडतं, मग कायटिनेजचं काम भराभर होतं. कायटिनचं कायटोसान करायला डीॲसिटिलेज एन्झाइम आहे, तरी त्याचीही स्फटिकापुढे तीच गत, त्यामुळे बाजारातलं बहुतेक कायटोसान अजून ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये उकळूनच होतं.

कायटोसान रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत आणि पाणी स्वच्छ करायला वापरतात. ग्लुकोसामाइन गुडघेदुखीच्या गोळ्यांत असतं. सुंगटांची ॲलर्जी असलेल्यांनी डबीवरचं लेबल बघावं, बुरशीपासून केलेलंही मिळतं.